मुलांना मेंटॉर करताना सुरुवात कुठून करावी: धीटपणा, सवयी की अभ्यास?

पाटीपेन्सिल विचारतात:

नमस्कार मंडळी. ११ ते १३ वयाच्या पाच मुलांचा गट माझ्याकडे येणार आहे. आठवड्यातून एकदा, एक तास. शिकवणी घ्यायची नाही, मेंटॉर म्हणून सोबत करायची आहे. मुलं धीट व्हावीत, सवयी चांगल्या लागाव्यात आणि मार्कही वाढावेत अशी पालकांची अपेक्षा. एका मुलीच्या वहीत उत्तर बरोबर असतं, पण विचारलं की मान खाली. एक मुलगा गृहपाठ सर्रास उतरवून आणतो. एकाचं गणित अपूर्णांकांपाशी अडलंय आणि "मला जमतच नाही" हे त्याचं पालुपद. सगळं एकदम हाती घ्यायचं की आधी एकच? तासाभरात नेमकं काय करायचं तेही सांगा.

गणितवेडी:

अभ्यासापासून सुरुवात करा, आणि तीही अगदी छोट्या तुकड्यापासून. "तू करू शकतोस" हे शंभरदा सांगून धीर येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की "मला जमेल" हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काहीतरी जमवून दाखवल्यावर. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्यापुढे कमीच पडतो.

अपूर्णांकवाल्या मुलाला आठ-दहा छोटी उदाहरणं द्या, वरून खाली उतरत जाणारी: भिन्न छेदांची बेरीज, मग समान छेदांची, मग सममूल्य अपूर्णांक, मग १/२ मोठा की १/३, शेवटी साधे पाढे. कुणाची मदत न घेता तो जिथे पहिल्यांदा बरोबर येतो, ती त्याची पायरी. तिथून वर चढायचं, मग शाळेत कोणताही धडा चालू असो. दहातली सात-आठ बरोबर येत असतील तर पातळी योग्य आहे. सगळीच आली तर फार सोपी, निम्म्याहून कमी आली तर एक पायरी खाली या.

१/२ + १/३ = २/५ हे उत्तर हमखास येणार. कारण मूल वरचा आणि खालचा आकडा दोन सुट्या संख्या समजून बेरीज करतं. लगेच लसावि सांगू नका. विचारा, "२/५ हे अर्ध्याहून मोठं की लहान?" अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्याचं त्याला दिसू द्या. मग १२ सेंमीची कागदी पट्टी घ्या: अर्धी म्हणजे ६ सेंमी, तिसरा भाग ४ सेंमी, मिळून १२ पैकी १०, म्हणजे ५/६. नियम यानंतर सांगितला तर टिकतो.

तासाची ढोबळ विभागणी अशी: ५ मिनिटं गप्पा, १० मिनिटं वह्या बंद करून मागच्या वेळचं आठवेल ते लिहिणं, २५ मिनिटं ज्याचं त्याचं काम, १० मिनिटं एकाने इतरांना समजावणं, १० मिनिटं पुढच्या आठवड्याची आखणी. यातलं वह्या बंद करून लिहिणं कधीही गाळू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि मूल "येतंय मला" म्हणून पुस्तक मिटतं.

आखणीही मोघम नको. "रोज गणित करीन" हे बुडतं. "जेवण झालं की त्याच जागी बसून तीन उदाहरणं" हे टिकतं, कारण कधी आणि कुठे हे आधीच ठरलेलं असतं.

हलकेहलके:

त्या मुलीबद्दल लिहिते. तिला एकदम पुढे उभं करू नका, गाडी तिथेच अडते. पहिले तीन-चार आठवडे प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी एक मिनिट आधी लिहायचं, मग शेजारच्याला सांगायचं. पुढची पायरी म्हणजे शेजारच्याचं उत्तर मोठ्याने वाचणं. ते चुकलं तरी चूक तिची नसते, त्यामुळे आवाज निघतो. मग स्वतःचं लिहिलेलं वाचणं आणि सर्वांत शेवटी न लिहिता बोलणं. कोणता प्रश्न विचारणार हे तिला आधीच सांगून ठेवलंत तरी चालेल.

आणि थांबायला शिका. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांमधल्या संवादाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं मोठी झाली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात पाचपर्यंत मोजा. त्या शांततेत दुसऱ्याचा हात वर आला तरी त्याला विचारू नका.

कौतुक करताना "हुशार आहेस" म्हणू नका. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि अपयशानंतर ती जास्त ढेपाळली. आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. "छान प्रयत्न" असं नुसतं म्हणणंही पोकळच. काय केलं ते सांगा: "दुसरी पायरी खोडून पुन्हा मांडलीस, म्हणून उत्तर आलं."

पाटीपेन्सिल:

पट्टीची युक्ती छान आहे! पण उतरवून आणणाऱ्याचं काय? पालकांना सांगायचं का?

सरळरेघ:

आधी कारण शोधा. एकटा असताना वही झाकून त्यातलंच एक उदाहरण सोडवायला द्या. पहिली ओळही लिहिता आली नाही तर विषय कळलेला नाही. भराभर सोडवलं तर वेळ पुरत नाही किंवा कंटाळा आहे. उत्तर येतं पण पेन थरथरतं, सारखं खोडलं जातं, तर चुकण्याची भीती आहे. तिन्ही कारणांवर उपाय वेगळा.

मग गटात सर्वांसाठी एकच नियम ठेवा: उतरवलेल्या उदाहरणाच्या कोपऱ्यात "उ" लिहायचा. "उ" लिहिला तर बोलणी नाहीत, पण त्यातली दोन उदाहरणं इथे बसून स्वतः करायची. लपवण्यापेक्षा खरं सांगणं स्वस्त पडलं पाहिजे. एकदा जरी "उ" पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली, तरी त्यानंतर कुणीही "उ" लिहिणार नाही. हा नियम इथेच मोडतो.

पालकांकडे लगेच जाऊ नका. जायची वेळ आलीच तर मुलाला आधी सांगा. मात्र "कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. मारहाण, छळ किंवा स्वतःला इजा करण्याचा विषय निघाला तर जबाबदार मोठ्या माणसांना सांगावंच लागतं, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करा.

सचोटीवर भाषण देऊ नका, कामं द्या. एकाकडे हजेरी, एकाकडे वेळ पाळणं, एकाकडे साहित्य मोजून परत ठेवणं. चार आठवड्यांनी पाळी बदला. हजेरीत तुमचंही नाव असू द्या, उशीर झाला तर तोही लिहिला जाऊ द्या.

गणितवेडी:

एक राहिलं. किमान वर्षभर येणं जमणार असेल तरच सुरू करा. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मेंटॉर-मूल जोड्यांत सर्वाधिक फायदा दिसला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांत मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली. थांबायचं असेल तेव्हा चार भेटी आधी सांगा. भेटी इतरांना दिसतील अशा जागी ठेवा आणि निरोप पालक असलेल्या गटावरच पाठवा.

पहिले तीन महिने मार्कांकडे पाहू नका. वह्या बंद करून किती ओळी लिहिल्या, किती वेळा हात वर आला, किती "उ" पडले, एवढंच दर आठवड्याला टिपा. त्या मुलाची पायरी कळली की इथे लिहा, पुढची उदाहरणं मिळून काढू.