जुन्या फोटोंत सगळे इतके गंभीर काऊन असतात?

महालचा_पोरगा:
वाड्यातली जुनी पेटी उपसून राहिलो होतो त्यात पणजोबा-पणजीचा फोटो सापडला, १९१० च्या आसपासचा असावा. पणजोबा खुर्चीत, पणजी बाजूला उभी, दोघंही असे पाहून राहिले की फोटोवाल्याने जणू यांचे पैसे बुडवलेत. आणि पणजीचं कुंकू चक्क काळंभोर! आई म्हणते शाई सांडली असेल. याला कला म्हणायचं की नुसती मशीनची करामत?

बर्डीवाला:
पंधरा-पंधरा मिनिटं हलायचं नसायचं ना भाऊ, तेवढा वेळ हसून दाखव बरं.

काचेची_प्लेट:
पंधरा मिनिटं ही १८३९ च्या, फ्रान्सच्या दागेरने आणलेल्या सुरुवातीच्या फोटोच्या प्लेटच्या वेळची गोष्ट. १८४० मध्ये पेट्झवालची जास्त उजेड आत घेणारी लेन्स आली न् लवकरच काम मिनिटाच्या आत आलं, तुमच्या पणजोबांच्या काळात तर काही सेकंदांचंच. तेव्हा गंभीरपणाचं खापर सगळं कॅमेऱ्यावर फोडू नका, फोटो म्हणजे घराण्याची नोंद, तिथे दात काढायचे नसतात असं लोकांना वाटायचं. कुंकवाला शाईबिई काही नाही, तेव्हाच्या फोटोच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही म्हणून लाल ते काळं, आणि निळं उलट पांढरं, म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं असतं.
आता कलेचं. एडिनबरात १८४३ पासून हिल आणि अ‍ॅडमसन ही जोडी पोर्ट्रेट काढायची, हिल मुळात चित्रकार. माणसांना उघड्या उन्हात बसवायचे, हलू नये म्हणून हात टेबलावर नाहीतर गालाला टेकवायला लावायचे, आणि त्या टेकण्यामुळेच ती माणसं विचारात बुडाल्यासारखी दिसतात. ज्युलिया मार्गारेट कॅमरून ही फोटोग्राफर तर कलकत्त्यात जन्मलेली, लेकीने कॅमेरा दिला तेव्हा वय ४८. फोटो धूसर म्हणून टीकाकार हसायचे, पण तिने १८६७ मध्ये काढलेला खगोलशास्त्रज्ञ हर्शेलचा फोटो बघाच, अंधारातून पांढऱ्या केसांचा म्हातारा नुसता उजळून निघतो. माझ्या मते त्या काळचं तिच्याइतकं धाडस दुसऱ्या कोणी केलं नाही.

बर्डीवाला:
धाडस काय, फोकस हललाय तो. मला पॅरिसचा फोटोग्राफर नादार आवडतो, साधी पार्श्वभूमी, बाजूने उजेड, बास.

काचेची_प्लेट:
नादार मोठाच, पण धूसरपणा ती मुद्दाम ठेवायची, चुकून नाही.

महालचा_पोरगा:
फोटो फ्रेममधून काढून स्कॅन करू का? फ्रेमची काच फुटलीये.

धंतोली_आजी:
बाळा, ओल्या फडक्याने पुसू नको, आणि या नागपूरच्या उन्हात तर मुळीच ठेवू नको. काचेला चिकटला असेल तर ओढू नको, चित्राचा थर काचेवरच राहून जातो. चिकटलेला आहे तसाच स्कॅन कर, फक्त फुटकी धार हाताला लागेल ते बघ.