मुलाच्या पोटगीची 14 महिन्यांची थकबाकी: वसुली कशी करायची?

सावली: पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा (पोटगीचा) आदेश आहे, मुलाला दरमहा 8,000. गेले 14 महिने एक पैसा नाही. वडील आता सुरतला खासगी नोकरीत. ‘मुलाची भेट घडवत नाही तोवर पैसे नाहीत’ असं त्यांचं म्हणणं. सुरुवात कुठून करायची?

दरखास्त: आधी तारखा मोजा. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला तरच वसुली वॉरंट निघतं. पूर्वीचं 125(3), आता जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144(3). म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचे 16,000 वॉरंटच्या बाहेर गेले, हातात 96,000. थांबलात की महिन्याला आणखी 8,000 निसटणार. अर्ज दाखल झाला की पुढचे थकलेले महिने त्यातच मागता येतात (सर्वोच्च न्यायालय, शांता वि. शिवनंजप्पा, 2005). त्यासाठी दर तारखेला थकबाकीचा सुधारित तक्ता पुरसीससोबत (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) द्या. भेटीचं म्हणाल तर तो वेगळा अर्ज. पोटगी अडवायला ते कारण चालत नाही.

मोडीलिपी: सुरतमुळे अडत नाही. नव्या संहितेच्या कलम 147 (जुनं 128) प्रमाणे वडील जिथे असतील तिथले न्यायदंडाधिकारीही आदेश बजावू शकतात, आणि आदेशाची प्रत तुम्हाला मोफत मिळायला हवी. घोडं अडतं ते वॉरंट ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ अशा शेऱ्याने परत येतं तिथे. म्हणून अर्जातच राहता पत्ता, कंपनीचा पत्ता, बँक खाते, गाडीचा नंबर, गावी जमीन असेल तर सातबारा द्या. न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवलं तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

आणखी एक. सुनावणीच्या आदल्या दिवशी 10,000 भरून मुदत मागणं ही नेहमीची खेळी. रक्कम घ्या, पण ‘थकबाकीपोटी अंशतः’ असं लेखी नोंदवूनच. रोख तर नकोच.

दरखास्त: नोकरी आहे तर पगारावरच जा. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश वि. नेहा (2020) निकालानुसार पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा (पैसे वसुलीच्या दिवाणी निकालासारखा) बजावता येतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 खाली पोटगीसाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. तुरुंगवासही आहे, थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे कमाल एक महिना. पण तो भोगल्याने देणं फिटत नाही (सर्वोच्च न्यायालय, कुलदीप कौर, 1989).

सावली: आणि नोकरी सोडली म्हणाले तर?

मोडीलिपी: मग त्यांनी कलम 146 खाली रक्कम कमी करून घ्यावी. तोवर 8,000 चालूच. वकिलाची फी अडचण असेल तर 15100 या विधी सेवा प्राधिकरणाच्या हेल्पलाइनवर फोन करा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.