महागड्या इंजेक्शनच्या खोक्यांना रेडिओ टॅग लावावेत का? सोलापूरकरांनो, सल्ला हवाय

सातरस्ता
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमची औषधांची होलसेल एजन्सी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, ते गेल्यापासून मीच बघते. शहरातली नर्सिंग होम आणि अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याची मेडिकल आमच्याकडून माल उचलतात. कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंटही इकडेच येतात, त्यामुळे कॅन्सरची इंजेक्शनं, इन्सुलिन, अल्ब्युमिन असा महाग आणि फ्रीजमधला माल हल्ली बराच वाढलाय.

गेल्या महिन्यात एक मुलगा काउंटरवर आला. वडिलांसाठी कुणा ओळखीच्याकडून निम्म्या किमतीत इंजेक्शन घेतलेलं, आमच्याकडे फक्त ‘ताई, जरा बघून द्या’ म्हणून. खोकं नवं कोरं. कुपी हातात घेतली तर वरची प्लॅस्टिकची टोपी अंगठ्यानं गरगर फिरत होती आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर पक्कडीचे दात उमटावेत तसे वण होते. खोक्यावरचा आणि कुपीवरचा बॅच नंबर मात्र अगदी जुळत होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हटलं, बाळा, हे टोचू नका, डॉक्टरांना दाखवा, एफडीएत (अन्न व औषध प्रशासनात) द्या. त्यानं आधीची कुपी चार दिवसांपूर्वीच दिली होती. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर एक विक्रेते आले. प्रत्येक खोक्याला रेडिओ टॅग, दाराशी रीडर, सॉफ्टवेअर, सगळं मिळून साडेतीन लाख. म्हणाले, ‘टॅग लावलात की बनावट औषध तुमच्या दारातून आत येणारच नाही.’ हे खरं आहे का? कर्ज काढून पैसे घालायचे आहेत, म्हणून स्पष्ट सांगा.

मंगळवेढा_मेडिकल
वहिनी, 1 ऑगस्ट 2023 पासून 300 मोठ्या ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय. मोबाइलनं स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, एक्स्पायरी, लायसन्स नंबर सगळं समोर येतं. साडेतीन लाख कशाला घालवता?

टॉवेलवाला
ताई, मी औषधातला नाही. चिंचोली एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या युनिटला डिस्पॅच बघतो. आमची परदेशी गिऱ्हाइकं लेबलातच टॅग मागतात, त्यामुळे गेली काही वर्षं दिवसभर हेच काम आहे. जे हातानं केलंय तेवढंच सांगतो.

हा टॅग म्हणजे तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग, तीच जात. आत बॅटरी नसते. रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला नंबर परत पाठवते. आमच्याकडे शिवलेलं, बंद खोकं रीडरसमोरून सरकतं आणि आतले सगळे टॉवेल न उघडता मोजून होतात. कोरडा कापूस रेडिओला अजिबात अडवत नाही. औषधाचं नेमकं उलटं आहे. पाणी लहरी पिऊन टाकतं आणि धातू त्या परतवतो. तुमच्या कुप्यांत पाणी, गोळ्यांच्या पाकिटांना अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. एका औषधवाल्या मित्राच्या गोदामात आम्ही करून बघितलं होतं. कुप्यांना टॅग चिकटवून 40 कुप्यांचं खोकं रीडरसमोर धरलं, 26 वाचल्या. खोकं फिरवलं तर 31. टॅग कुपीवर न चिकटवता झेंड्यासारखा बाहेर काढला तेव्हा कुठं आकडा सुधारला. त्या विक्रेत्याला म्हणा, तुमच्याच भरलेल्या, थंडगार खोक्यावर, तुमच्याच गोदामात करून दाखव. ब्रोशरवर जाऊ नका.

पण खरी गोची वेगळीच आहे. तुम्ही टॅग लावणार कधी? माल तुमच्या दारातून आत आल्यावर. म्हणजे बनावट कुपी आलीच तर तिलाही तुमच्याच हातानं टॅग लागणार, आणि तिथून पुढं ती तुमच्या नोंदीत अस्सल ठरणार. टॅग फक्त एवढंच सांगतो की हे खोकं इथून तिथं गेलं. आत काय आहे ते त्याला माहीत नसतं. त्याचा बनावटीला आळा घालायला उपयोग व्हायचा तर तो कारखान्यातच लागला पाहिजे, प्रत्येक खोक्याला वेगळा नंबर पाहिजे, आणि वाटेतल्या प्रत्येकानं तो वाचून एकाच ठिकाणी नोंदवला पाहिजे. एकट्या सोलापूरच्या एजन्सीनं लावून ही साखळी होत नाही.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. तिथल्या एफडीएनं फेब्रुवारी 2004 च्या अहवालात रेडिओ टॅगवर भर दिला होता आणि 2007 पर्यंत ते सर्रास होतील असा अंदाज धरला होता. व्हायाग्रा, ऑक्सीकॉन्टिन यांच्या बाटल्यांना टॅग लागलेही. पण नोव्हेंबर 2013 मध्ये कायदा झाला तेव्हा सक्ती आली ती चौकोनी बारकोडची, प्रत्येक पाकिटाला स्वतंत्र अनुक्रमांकासह. छापायला स्वस्त आणि पाण्याचा, धातूचा त्रास नाही.

आणि टॅगची नक्कल होत नाही असं कुणी म्हणालं तर विचारा, कुठला नंबर? चिपमध्ये एक नंबर कारखान्यात कोरलेला असतो, तो बदलता येत नाही. दुसरा आपण लिहितो, तो कुणीही दुसऱ्या टॅगवर उतरवू शकतो. बरीच सॉफ्टवेअर दुसराच वाचून मोकळी होतात.

रात्रपाळी
मी शहरातल्या एका हॉस्पिटलची फार्मसी सांभाळते. टॉवेलवाले दादांचं पटलं. मंगळवेढ्याच्या दादांना मात्र एक सांगते, क्यूआरवर आंधळा विश्वास नको. नियमात कोडमध्ये काय असावं त्याची यादी आहे, त्यात प्रत्येक पाकिटाचा स्वतंत्र अनुक्रमांक नाही. अस्सल पाकिटाचा कोड कुणी जसाच्या तसा छापला तर मोबाइल तीच अस्सल माहिती दाखवणार. सातरस्ता ताईंच्या त्या कुपीवर बॅच नंबर जुळत होताच ना?

मला तर ती कुपी पुन्हा भरलेली वाटते. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी अशीच टोळी पकडली. कॅन्सरच्या इंजेक्शनच्या वापरलेल्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यात बुरशीवरचं औषध भरून विकत होते. कुपी खरी, लेबल खरं, बॅच खरी. अशा कुपीवर कंपनीचा टॅग असता तर तोही खराच निघाला असता. प्रत्येक कुपी कधी आणि कुठं वापरली गेली, ही नोंद होते तेव्हाच हे उघडं पडतं.

म्हणून ताई, साडेतीन लाखांआधी खरेदीची साखळी बघा. महाग माल फक्त कंपनी, तिचा डेपो किंवा तिच्या अधिकृत स्टॉकिस्टकडून, आणि अधिकृत असल्याचं पत्र कंपनीकडून स्वतः पडताळून. बिलावर बॅच नंबर नसेल तर माल उतरवूनच घेऊ नका. ‘शॉर्टेज आहे, आज पैसे द्या, उद्या बिल देतो’ असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कागद सगळे नीट असूनही फसगत होते, हेही आपल्याच राज्यात दिसलंय. 2024 मध्ये सरकारी हॉस्पिटलांना पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिक्सच्या प्रकरणात नागपूर ग्रामीण पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. त्यात टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं म्हटलं होतं. टेंडरनं आलेला माल होता तो. त्यामुळे संशय आला की नमुना तपासून घ्यायचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 खाली साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येतं. त्या मुलाला हे नक्की सांगा. महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री नंबर 1800222365.

सातरस्ता
ताई, दादा, खूप आभार. दोन शंका. रिकाम्या कुप्या पेशंटच्या नातेवाइकांनी फोडून टाकाव्यात असं सांगू का? आणि मे महिन्यात टेम्पो मोहोळपर्यंत उन्हात जातो, त्या मालाचं काय?

रात्रपाळी
फोडायला अजिबात सांगू नका! केमोची कुपी घरी फोडली तर औषधाचा अंश हाताला, श्वासाला लागतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असल्या कुप्या पिवळ्या पिशवीत जातात आणि जाळून नष्ट होतात. आम्ही हातमोजे घालून लेबलवर मार्करनं आडवी रेघ मारतो, खोक्याचे कात्रीनं दोन तुकडे करतो आणि कुपी मोजून पिशवीत टाकतो. नातेवाइकांनी यातलं काही करायचं नाही, फक्त ‘आमची कुपी तुम्हीच नष्ट करा आणि खोकं आमच्यासमोर कापा’ असं हॉस्पिटलमध्येच सांगायचं. चोरी खोक्यांचीही होते, कुपीबरोबर खोकं मिळालं की भाव वाढतो.

टॉवेलवाला
उन्हाचं विचारलंत ते बरं केलंत. ताई, पैसे घालायचेच असतील तर मी आधी तिथं घालीन. सोलापूरचा 43 अंशांचा मे आणि 2 ते 8 अंशांत राहायचं इन्सुलिन. बर्फाच्या पेटीत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर टाका, माल उतरवताना मोबाइलवर सगळा आलेख दिसतो. पेटी कितीला आणि किती वेळ तापली ते कळतं. अस्सल औषधही वाटेत उकडलं तर पेशंटच्या उपयोगाचं राहत नाही.

पुढं कधी टॅगचा रीडर घेतलाच तर भारतातला पट्टा 865 मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, फास्टॅगही तिथंच चालतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच रीडर 902 ते 928 चे, अमेरिकेसाठी बनवलेले असतात. ते घेऊ नका, इथं चालवायला परवानगी नाही.

मंगळवेढा_मेडिकल
रात्रपाळी ताई, क्यूआरचं मला ठाऊक नव्हतं. मी गिऱ्हाइकांना छातीठोक सांगत होतो, उद्यापासून बिलाची बॅचही जुळवून बघेन.

सातरस्ता
विक्रेत्याला नाही म्हणून कळवलं. तीन लॉगर मागवलेत, मोहोळ, अक्कलकोट आणि मंगळवेढ्याच्या पेट्यांसाठी एकेक. ज्या दोन जणांकडून अधूनमधून बिलाशिवाय तातडीचा माल घ्यायचो, त्यांना आज फोन करून बंद केलं. सासऱ्यांच्या वेळचे संबंध होते, जड गेलं.

तो मुलगा काल येऊन गेला. कुपी एफडीएत दिलीये, पावती दाखवली. रिपोर्ट आला की इथं लिहीन. वडिलांचा पुढचा डोस त्यानं हॉस्पिटलच्या फार्मसीतून बिलानं घेतला आणि रिकामं खोकं सिस्टरकडून समोर कापून घेतलं.