काही दुखत नसताना तुम्ही काय सांभाळता? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाबा दुपारी बाराच्या सुमारास देवळात गेले, चपला बाहेर काढल्या, रांग होती म्हणून वीसेक मिनिटं तापलेल्या फरशीवर उभे राहिले, दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि घरी आले. काही बोलले नाहीत, कारण त्यांना काही जाणवलंच नव्हतं. १८ वर्षांपासून शुगर आहे, तळपाय बधिर झालेले, आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. चौथ्या दिवशी आईला चादरीवर ओला डाग दिसला तेव्हा पाय बघितला, तर दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटलेले, आणि उजव्या करंगळीजवळ काळं पडलेलं. ती करंगळी काढावी लागली.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी विचारलं, रोज पाय बघता का? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. रोजच्या गोळ्या होत्या, भात बंद होता, सकाळी चालणं होतं, पाय मात्र कोणीच बघत नव्हतं.

आता रात्री नऊला बाबा पलंगावर बसतात, मी जमिनीवर हातआरसा ठेवते आणि टॉर्च लावून तळवे, टाचा, बोटांच्या मधल्या खाचा बघते. पाय धुतल्यावर खाचा कोरड्या करायच्या, टाचांना क्रीम लावायचं पण बोटांच्या मध्ये नाही, नखं सरळ कापायची, जोडा घालण्याआधी उलटा करून झटकायचा आणि पाय कितीही दुखले तरी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे नाहीत. देवळात आता जाड मोजे घालून जातात. सगळं मिळून पाच मिनिटं लागत नाहीत.

म्हणून हा धागा. टिप्स नकोत, त्या रोज मोबाईलवर येतात. तुम्ही स्वतः नेमाने काय करता आणि ते कशामुळे सुरू झालं तेवढं लिहा. नाव लिहायची गरज नाही, फक्त तुमचा भाग लिहा.

कळमना

मी मार्केटात १४ वर्षापासून कट्टे उचलून राहिलो, कांदा बटाटा, एक कट्टा ५० किलोचा. पहिले सहा सात वर्ष काहीच नाही झालं त वाटे आपली कंबर लोखंडाची हाय. मंग एक दिवस गाडीवरून कट्टा घेतला अन् पाय तिथंच ठेवून कमरेतून वळलो, आतमधी कट् झालं अन् खालीच बसलो. डाव्या पायात पार अंगठ्यापर्यंत करंट. दीड महिना घरी होतो. आमच्यात ज्या दिवशी काम त्या दिवशी पैसा, त दीड महिन्यात घर कसं चाललं ते बायकोलेच माहीत.

सरकारी दवाखान्यात एका मॅडमनं शिकवलं, वजन पोटाले चिकटवून धराचं, गुडघ्यातून बसाचं, अन् फिराचं असन त पाय फिरवाचे, कंबर नाही. तेच चुकत होतं माझं. आता पहिली गाडी लागाच्या आधी कमरेचा व्यायाम करतो पाच मिनिट. माह्या मागून आलेले चार पोट्टे बी आता संग करतात.

धागाकर्ती: भाऊ, खूप महत्त्वाचं लिहिलं तुम्ही. घरी गॅसचं सिलिंडर सरकवताना, बादली उचलताना मीही नेमकी कमरेतूनच वळते.

नंदनवन

मला लिहायला काहीच नाही. सगळ्यांचे अनुभव वाचून राहिली. सासऱ्यांची बीपीची गोळी, सासूबाईंचं इन्सुलिन, मुलांचे डबे, नवऱ्याचं पथ्य सगळं माझ्या डोक्यात असतं आणि एक दिवस चुकत नाही. स्वतःसाठी काय करता म्हटलं तर काही आठवलं नाही. दोन महिने झाले जिना चढली की धाप लागते, तेही आत्ता लिहिताना लक्षात आलं.

धागाकर्ती: ताई, ही धाप अंगावर काढू नका. एक साधी रक्ततपासणी या आठवड्यातच करून घ्या आणि इथे परत येऊन लिहा. मी वाट बघते.

त्रिमूर्तीनगर

माझा विषय खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सुरू केला, हॉस्टेलमध्ये सगळेच खायचे, घोटलेला खर्रा त्या पन्नीत घेऊन फिरायचो, २६ व्या वर्षी दिवसाला सात आठ पुड्या होत होत्या. तिखट लागेनासं झालं नाही तर उलट साधं वरण पण झोंबायला लागलं, मला वाटलं ॲसिडिटी. मग एकदा बहिणीबरोबर पाणीपुरी खायला उभा होतो आणि पुरी तोंडात जाईना. पुरी मोठी नव्हती, तोंडच उघडत नव्हतं. ती पुरी तशीच हातात धरून उभा होतो आणि बहीण बघत होती, तो चेहरा अजून आठवतो.

डेंटिस्टने सांगितलं स्वतःची तीन बोटं उभी जोडून तोंडात घाल. दोनच गेली. गालाची आतली कातडी कडक होऊन आखडते, आणि हे मुख्यतः सुपारीमुळे होतं, म्हणजे तंबाखू नसलेली सुपारी खाल्ली तर चालते हा समज चुकीचा आहे. अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो आणि आखडलेलं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. सोडायला मला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या वेळी १८००-११-२३५६ या सरकारी फ्री नंबरवर फोन केला, त्यांनी तारीख ठरवून घेतली आणि नंतर परत फोन करून विचारपूस केली, तो आधार कामी आला. पानठेल्यावरून जाणारा रस्ता पण बदलला.

आता रोज कुल्फीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरतो, तोंड उघडायचा व्यायाम असतो तो, १९ वरून २३ काड्यांवर आलो. आणि दर रविवारी दाढी करताना आरशात गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली नीट बघतो. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंडातला फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर थांबायचं नाही, दाखवायचं. वाचणाऱ्या प्रत्येकाने आत्ता तीन बोटं घालून बघा. खरंच बघा.

महाल

वरचं वाचून घरातल्या दोघांना तीन बोटं घालायला लावली. लहान्याची अडली. तो मान्यच करत नव्हता की खातो. उद्या घेऊन जाते डेंटिस्टकडे. तुमचे उपकार आहेत दादा.

हिंगणा रोड

मी पार्सल पोचवायचं काम करतो, नवतपात (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) पण गाडी बंद नसते. दोन वर्षांपूर्वी ४५ डिग्रीत दुपारी तीनला सिग्नलवर डोळ्यापुढे अंधारी आली, पोटऱ्यात गोळे, गाडी तशीच आडवी झाली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. चूक ही होती की बाथरूम कुठे शोधायची म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नव्हतो.

आता तहान लागायची वाट नाही बघत, दर दोन तीन डिलिव्हरीनंतर घोट घोट पितो आणि लघवीचा रंग बघतो, गर्द पिवळी झाली की समजायचं पाणी कमी पडलं. ओआरएसचं मोठं पाकीट घरूनच एक लिटरमध्ये पूर्ण घोळून आणतो. आधी मी चिमूटभर ग्लासात टाकून प्यायचो तर मेडिकलवाल्याने सांगितलं की माप चुकलं तर त्याचा उपयोग नाही. दुपट्टा ओला करून डोक्याला, मानेला.

इतवारी

आमची आजी खिशात कांदा ठेवायला लावायची, मी अजून ठेवतो, लू लागत नाही. आंबील आणि कैरीचं पन्हं पण रोज.

धागाकर्ती: पन्हं आणि आंबील छानच, पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातं. (शुगरवाल्यांनी पन्ह्यातला गूळ सांभाळा.) खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही पण त्याच्या भरवशावर उन्हात निघू नका. आणि कोणी उन्हात बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत नेऊन कपड्यांसकट अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून श्वासनळीत जातं.

खामला

आमच्याकडे कूलर. उन्हाळाभर चालतो तेव्हा लक्ष असतं, जूनच्या शेवटी पाऊस आला की बंद होतो आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं, आणि आमचं तिथेच चुकलं. ऑगस्टमध्ये मुलीला ताप, डोळ्यामागे दुखणं, तिसऱ्या दिवशी डेंगूचा रिपोर्ट, मग प्लेटलेट उतरत २८ हजारावर. सहा रात्री खुर्चीवर काढल्या. घरी आल्यावर नवऱ्याने कूलर उघडला तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आपल्याच गॅलरीत, तिच्या खिडकीला लागून.

तेव्हापासून रविवार म्हणजे कोरडा दिवस. अंड्याचा डास व्हायला आठ दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतलं तर ती साखळी तुटते. पण नुसतं ओतून भागत नाही हे मला उशिरा कळलं, अंडी टाकीच्या कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी मिळालं की परत सुरू. म्हणून काथ्याने कडा घासायच्या. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचा जुना टायर, मनी प्लांटची बाटली. शेजारी पण सांगत असते, कारण डास काही आपल्या भिंतीपुरता राहत नाही.

प्रतापनगर

बँकेत आहे, वय ५१. बीपीची गोळी "आता बरं वाटते" म्हणून मी स्वतःच बंद केली होती. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि तोंड वाकडं. बायकोने वेळ न घालवता दवाखान्यात नेलं म्हणून हात परत आला. आता गोळी रोज, आणि आठवड्यातून दोनदा घरी मोजतो. आधी पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर, चहा पिऊन लगेच नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घेऊन वहीत लिहितो आणि ती वही डॉक्टरांना दाखवतो. बीपी वाढलेलं जाणवतं असं ज्यांना वाटते त्यांना सांगतो, मला त्या सकाळपर्यंत काहीच जाणवलं नव्हतं.

कामठी रोड

जि. प. शाळेत शिक्षिका. पहिली दुसरीचा वर्ग एकत्र, ओरडून ओरडून आवाज बसायचा, मग स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. आता वर्ग शांत करायला घंटी, टाळीचा ठेका. कुजबुजून बोलल्याने घशाला आराम मिळतो असं वाटायचं, डॉक्टर म्हणाले तसं नाही, आराम म्हणजे गप्प बसणं.

रामदासपेठ

बायकांसाठी लिहिते. पाळी संपल्यावर दोन चार दिवसांनी, महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी छाती आणि काखा हाताने तपासते. वय ४४ असताना बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. दुखत नव्हतं, म्हणून दोन आठवडे मीच स्वतःला समजावत होते. ते दोन आठवडे मी घालवायला नको होते. सुरुवातीचा कॅन्सर निघाला, उपचार झाले, आज सहा वर्षं झाली. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक साध्याच असतात, पण ते हाताला कळत नाही, त्याला तपासणीच लागते. आणि हात लावून काही सापडलं नाही म्हणून डॉक्टरची तपासणी टाळू नका.

सक्करदरा

आई ७४, रात्री बाथरूमला उठली आणि ओल्या फरशीवर घसरली, खुब्याचं हाड. आम्ही नंतर पकडायला दांडा बसवला, रात्रभर छोटा दिवा, पायपुसणं रबराचं. हे सगळं मिळून खर्च इतका कमी होता की ऑपरेशनचं बिल बघताना रडू आलं. आता ती खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करते, दिवसातून दहादा, मी मोजते. तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री दिवा बंद करून त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत एकदा चालून बघा.

अंबाझरी

धावणारे. २१ किलोमीटरच्या स्पर्धेसाठी दोन आठवड्यांत अंतर दुप्पट केलं, नडगीला बारीक फ्रॅक्चर, आठ आठवडे बंद. आता हळूहळूच वाढवतो आणि आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. तलावावर नवीन पोरं दिसली की हेच सांगतो.

नंदनवन

पाच दिवसांनी परत आली. ताई, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.४. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले तुम्ही उभ्या कशा आहात. पाळीत खूप जातं हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं, त्याची सोनोग्राफी पण सांगितली आहे, सोमवारी आहे. लोहाची गोळी सुरू झाली. लिंबूपाण्यासोबत घ्यायची, आणि चहा आधी नंतर तासभर नाही, चहाने लोह नीट लागत नाही म्हणे. मी तर प्रत्येक जेवणानंतर चहा घेणारी.

सासूबाईंच्या इन्सुलिनच्या डब्यातच माझी गोळी ठेवली आहे, म्हणजे विसरणार नाही. काल त्यांनीच आवाज दिला, आधी तुझी घे, मग माझं टोच.

धागाकर्ती: ताई, सोमवारी कोणाला तरी सोबत घेऊन जा. कोणी नसेल तर मला सांगा, मी नंदनवनापासून दहा मिनिटांवर राहते.

नंदनवन: सासूबाई येते म्हणाल्या.