इंग्रजीतला ऑपेरा इंग्रजांनाही वाचावा का लागतो?

प्रश्न (धरमपेठेतील एक श्रोता):
मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना एका फिरत्या कंपनीचा ऑपेरा पाहिला. मूळ इटालियन कृती इंग्रजीत आणून ही मंडळी लहान गावांतही प्रयोग करतात, हे मला फार आवडले. परंतु निम्मे शब्द मला कळले नाहीत, आणि शेजारचे इंग्रज प्रेक्षकही रंगमंचावरच्या पट्टीवर उमटणाऱ्या ओळी वाचत होते. मग भाषांतराचा खटाटोप कशासाठी? आपल्या संगीत नाटकात असे कधी होत नाही.

उत्तर (महालातील निवृत्त शिक्षक):
हा खटाटोप बराच जुना आहे. कार्ल रोझा या जर्मन संगीतकाराने 1873 मध्ये इंग्रजीत ऑपेरा करणारी फिरती कंपनी काढली, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर येण्याच्या सात वर्षे आधी. इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ हा ऑपेरा 1896 मध्ये इटलीत तुरीनला प्रथम झाला आणि पुढच्याच वर्षी याच कंपनीने तो मँचेस्टरच्या प्रेक्षकांना इंग्रजीत ऐकवला. आजची इंग्लिश टूरिंग ऑपेरा 1979 मध्ये ‘ऑपेरा 80’ या नावाने सुरू झाली. राहता राहिली ती पट्टी: ती 1983 मध्ये टोरांटोत आली, आणि लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने, इंग्रजीतच गात असूनही, 2005 पासून ती स्वीकारली. म्हणजे आपली तक्रार तिथल्या प्रेक्षकांचीही होती.

उत्तर (गायन शिकवणारी, रामदासपेठ):
कारण गळ्यात आहे. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय वाद्यवृंदावरून आवाज पोहोचवतो. वरच्या सुरांत स्त्रीस्वर गेला की ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ जवळजवळ सारखेच ऐकू येतात आणि व्यंजने मागे पडतात. इटालियन शब्द बहुधा स्वरांत संपतात, इंग्रजी पुष्कळदा व्यंजनांत. त्यामुळे भाषांतरकाराला अर्थ, आघात आणि लांब सुरावर तोंड उघडे राहील असा शब्द, या तिन्ही गोष्टी एकदम साधाव्या लागतात. शिवाय आपल्या नाटकात कथा गद्य संवादांतून पुढे जाते आणि पदात एकच ओळ आळवून म्हटली जाते. ऑपेरात बहुतेक वेळा कथाही गाण्यातूनच सांगायची असते, म्हणून एक ओळ निसटली की धागा तुटतो. ही तुलना करताना एवढा फरक लक्षात ठेवावा. तरीही भाषांतर वाया जात नाही, कारण विनोदाच्या जागी प्रेक्षक गायकाकडे पाहून त्याच क्षणी हसतो. पट्टीवर वाचलेला विनोद गायकाच्या आधीच संपतो.

उत्तर (वडसा येथून):
आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. तिथेही संवाद पोहोचला नाही तर प्रेक्षक लगेच कळवतात, आणि तेही वाचून नव्हे! मला वाटते, भाषेइतकेच नाट्यगृहाच्या आकारालाही महत्त्व आहे. लहान नाट्यगृह आणि मोजकी वाद्ये असतील तर शब्द अधिक ऐकू येतात. फिरत्या कंपनीची ही तडजोड खरे तर प्रेक्षकांच्या पथ्यावर पडते.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मी बसलो होतो मागच्या सज्जात, हे सांगायचे राहूनच गेले. पुढच्या वेळी कथानक आधी वाचून पुढच्या रांगेत बसेन.