समांतर जगाचं दार शेवटी बंदच व्हायला हवं का?

खिडकीवाली: काल 'जुनाजाणता' यांनी लिहिलं की दोन जगांतल्या मुलांच्या हलक्याफुलक्या गोष्टीत शेवटी दार बंद होत नसेल, तर ती मैत्री फुकटची. दाखला दिला फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या कादंबऱ्यांतल्या, दोन वेगळ्या जगांतल्या विल आणि लायराचा. ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधला तो बाक, वर्षातून एकदा दोघांनी आपापल्या जगात तिथं बसायचं, भेट कधीच नाही. मीही रडले होते. पण तिथं दोन जगांमधल्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर जगंच निर्जीव होत जातात, परक्या जगात माणूस दहाएक वर्षांत खंगतो. विरहाला कारण आहे. जिथं तसं काही नाही, तिथं केवळ रडवायला दार का लोटायचं? सातवीत माझी जिवलग मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे नांदेडला गेली. तीन पत्रं आली, मग बंद. त्या वर्षी मला दार उघडं राहिलेली एक गोष्ट हवी होती हो!

जुनाजाणता: बदली आणि समांतर विश्व एकच का? वाटेल तेव्हा दार उघडत असेल तर दुसरं जग म्हणजे शेजारचा ब्लॉक. जयंत नारळीकरांनी त्यांच्या कथेतल्या प्राध्यापक गंगाधरपंतांना मराठे पानिपत जिंकलेल्या जगातून परत आणलं, पुन्हा जायची वाट ठेवली नाही. म्हणून ती कथा टिकली.

अकरावी_ब: ती टिकली विश्वासरावांच्या गोळीमुळे! आपल्या इतिहासात लागली, त्या जगात कानाजवळून गेली, आणि पुरावा म्हणून बखरीचं फाटकं पान. मैत्रीचा संबंध कुठे? सीबीएसईच्या इंग्रजीच्या पुस्तकात हा धडा होता, आमच्या बाईंनी प्रश्नोत्तरांत उरकला. तो राग अजून आहे.

दुर्बीण: ती विज्ञानकथा आहे, आरशातून दुसऱ्या जगात उडी मारणाऱ्या मुलांच्या गोष्टींशी तुलना नको. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेत विश्वांमध्ये ये-जा होतच नाही. दार पहिल्यापासून बंद.

खिडकीवाली: मग पंतही जायला नकोत. ट्रकची धडक बसून प्राध्यापक पलीकडे पोचलेले चालतात, बारा वर्षांच्या मुलीचा आरसा चालत नाही?

दुर्बीण: आवाज चढवू नका. धडकेचं मान्य. पण आरशालाही नियम हवा. फक्त अमावस्येला, फक्त एकदा, काहीतरी. वाटेल तेव्हा उघडणारा आरसा मला पटणार नाही.

पुस्तकपेटी: शाळेचं ग्रंथालय सांभाळते. मुलं अशी पुस्तकं मागतात आणि मराठीत माझ्या कपाटात बहुतेक अनुवादच आहेत, याबद्दल कुणीच बोलत नाही. त्यांचे प्रश्न वेगळेच. तिकडे डब्यात काय नेतात, तिकडच्या मित्राला आपलं थालीपीठ आवडलं का. दार बंद झालं का, हे मला एकाही मुलाने विचारलेलं नाही.

जुनाजाणता: मुलांनी विचारलं नाही म्हणून शेवट नको, हे काही उत्तर नव्हे. माझी नात मेलबर्नला असते. दर रविवारी फोनवर दिसते, इथे दुपार असते तेव्हा तिच्याकडे दिवेलागण. ते दार बंद झालेलं मला सोसणार नाही, एवढं खिडकीवालीबाईंचं खरं. गोष्टीतलं मात्र अजून मानत नाही.