मदत हवी आहे: बाळाचं अँटिबायोटिक अचानक का थांबवलं?

समीर_बेएरिया: बाळ काल रात्रीपासून आयसीयूत आहे. आधी सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, म्हणून दोन अँटिबायोटिक चालू केली. आज दुसऱ्या डॉक्टर आल्या, एक लगेच काढलं, म्हणाल्या बोट्युलिझम वाटतोय. तो जंतूंमुळेच होतो ना? मग औषध का काढलं? लवकर सांगा.

मृदुला: वय? औषधाचं नाव? मान धरतंय का?

समीर_बेएरिया: साडेतीन महिने. जेंटामायसिन काढलं, अँपिसिलिन चालू. मान टाकतोय, पापण्या मिटलेल्या, रडणं अगदी बारीक.

नाना७१: शी होते का? बेंबीभोवती हिंग लावा.

समीर_बेएरिया: पाच दिवस नाही झाली. पण प्रश्न औषधाचा आहे.

डॉ_अनघा: बालरोगतज्ज्ञ आहे. काढलं ते योग्यच. या आजाराचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. जेंटामायसिनही तिथेच अडथळा आणतं, त्यामुळे श्वासाचे स्नायू आणखी ढिले पडू शकतात. शिवाय आतड्यातले जंतू मारले की त्यांच्यातलं विष सुटण्याची भीती. म्हणून या आजारावर अँटिबायोटिक देत नाहीत. कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) निगेटिव्ह आलं की अँपिसिलिनही काढतील. मध दिला होता का?

समीर_बेएरिया: आई गुटी मधात उगाळून देते. थेंबभरच.

नाना७१: आमच्याकडे चार पिढ्या मध चाटवतात. शुद्ध हवा, बाटलीतला नको.

मृदुला: नाना, शुद्ध मधातही या जंतूंचे बीजाणू असतात, उकळूनही मरत नाहीत. वर्षाच्या आत मध नकोच.

डॉ_अनघा: आणि समीर, आईंना बोलू नका. पुष्कळ बाळांना मध न देताही होतो, मातीधुळीतून. पण गुटीचं डॉक्टरांना आत्ताच सांगा.

केतकी_न्यूजर्सी: आमच्या मुलीला झाला होता. बेबीबिग विचारा, या विषाला निकामी करणारं औषध! २००३ पासून परवानगी आहे, कॅलिफोर्नियाचा आरोग्य विभागच पुरवतो. अभ्यासात हॉस्पिटलचा मुक्काम सरासरी ५.७ आठवड्यांवरून २.६ वर आला. शीच्या तपासणीसाठी थांबू नका म्हणावं.

नाना७१: इन्शुरन्स देतो का? माझ्या पुतण्याच्या वेळी…

समीर_बेएरिया: गुटीचं सांगितलं. त्यांनी बेबीबिगसाठी फोन आधीच केलाय, उद्या सकाळी येईल. पण जेंटाचा एक डोस गेलाय, त्याचं काय?

डॉ_अनघा: मूत्रपिंडं नीट असतील तर दिवसभरात बराचसा उतरतो. तोवर श्वासावर लक्ष हवं, आयसीयूत ते असतंच. तोंडाने पाजू नका, ठसका लागेल. लघवी किती होते?

समीर_बेएरिया: नर्सला विचारतो.